हरेला, हरेली नाही

छत्तीसगड राज्य नवं झालं त्या वर्षांत आमचं ऑफिस रायपुरात शंकर नगरमधल्या एका भाड्याच्या बंगल्यात भरायचं. साहेब बेडरूममध्ये बसत, आम्ही सहा जण हॉलमध्ये, आणि जुन्या फायली स्वयंपाकघरात ओट्यावर रचलेल्या. एखादा संदर्भ लागला की चपराशी सिंकखालून गठ्ठा ओढून आणायचा. कागद ओलसर झालेले असायचे. पण दारावर राजधानीच्या कार्यालयाची पाटी होती, आणि पाटीच्या मानाने रोज नवी कामं निघत.

त्यातलंच एक काम माझ्या गळ्यात पडलं. नोव्हेंबरात राज्याचा वाढदिवस. त्याच महिन्यात देशात आणखी दोन राज्यं जन्मली होती. तेव्हा कोणाच्या तरी डोक्यात आलं की त्या दोन्हीकडून एकेक लोककलेचं पथक बोलवावं. एक समिती नेमली गेली, आणि समितीला बाबू लागतात म्हणून आमच्या ऑफिसातून दोघांना उसनं दिलं. एका सकाळी साहेबांनी मला आत बोलावलं.

"मॅडम, आप तो पहाड गयी हैं ना?"

मी नववीत असताना आईबाबांबरोबर यात्रेच्या बसने बद्रीनाथला गेले होते. जाताना आणि येताना मला उलट्या झाल्या, एवढंच आठवत होतं. ते मी सांगितलंसुद्धा.

"बस, फिर तो आप एक्सपर्ट हैं," साहेब म्हणाले आणि त्या दोनांतल्या पहाडी राज्याची, कुमाऊंकडच्या एका डोंगरी जिल्ह्याची फाइल माझ्याकडे सरकवली.

फाइलमध्ये एकच कागद होता, पण तो चार पानांचा. तिथल्या एका शाळामास्तरांनी हाताने लिहिलेला. अक्षर सुरेख. त्यांनी लिहिलं होतं की आमच्या जिल्ह्यात वर्ष सणांनी चालतं, आणि आम्ही ते वर्ष पंचवीस मिनिटांत दाखवू. चैत्राच्या पहिल्या दिवशी मुली घरोघरच्या उंबरठ्यावर रानफुलं टाकतात, ते आधी. मग श्रावणात हरेला. भाद्रपदात तूप खायचा सण, त्या दिवशी जो तूप खात नाही तो पुढच्या जन्मी गोगलगाय होतो म्हणे. आश्विनात गुराढोरांसाठी शेकोटी. आणि संक्रांतीला कणीक-गुळाच्या तळलेल्या आकारांच्या माळा गळ्यात घालून पोरं कावळ्यांना हाका मारतात. प्रत्येकाचं गाणं वेगळं.

शेवटच्या पानावर एक विनंती होती. हरेला म्हणजे टोपलीत पेरलेलं सात धान्यांचं रोप. ते अंधारात वाढवतात, म्हणून पात पिवळी राहते. दहाव्या दिवशी कापून देवाला वाहतात आणि मग घरातलं सगळ्यांत मोठं माणूस ती पात प्रत्येकाच्या पायांना, गुडघ्यांना, खांद्यांना लावून शेवटी डोक्यावर ठेवतं, आशीर्वाद देतं. रेल्वेत ही टोपली जिवंत येणार नाही. तरी आपण आम्ही पोचण्याआधी तिथेच पेरून ठेवावी. खाली धान्यांची यादी होती, माती कशी मऊ हवी ते होतं, आणि पेरणाऱ्या बाईने अंघोळ करूनच हात लावावा असंही होतं.

मी ते पत्र दोनदा वाचलं. त्या ऑफिसात इतकं मन लावून लिहिलेलं काही मी त्याआधी वाचलं नव्हतं.

मग सुरू झाली माझी परवड. पत्राचा गोषवारा टाइप होऊन आला तो प्रत्येक ठिकाणी 'हरेली' छापून. आता आमच्या छत्तीसगडात हरेली हा घरचा सण. श्रावणातल्या अमावस्येला शेतकरी नांगर-कुदळीची पूजा करतात, दाराला कडुनिंबाचा डहाळा खोचतात, पोरं बांबूच्या गेडीवर चढून चिखलातून चालतात. टायपिस्टला वाटलं, मास्तरांनी चूक केली, आपण सुधारली. मी पेनाने आठ ठिकाणी दुरुस्ती करून कागद परत दिला. तो परत आला, त्यात सहा ठिकाणी हरेली.

"भैया, ला लिहा, ला."

"दीदी, हरेला कुछ होता नहीं है," तो शांतपणे म्हणाला. "मैं अभनपुर का हूँ. मेरे को मालूम है."

मी तिसऱ्यांदा दुरुस्त केलं. चौथ्यांदा मी कंटाळले आणि सही करून टाकली. तेव्हा मला वाटलं, एका कागदाने काय होतं.

पुढची अडचण धान्याची. टोपल्या, माती आणि सात धान्यांसाठी मी टिपण लिहिलं, तर त्यावर शेरा आला की बियाणं हा कृषी विभागाचा विषय आहे, तिकडे पाठवावं. तिकडे पाठवलं असतं तर पुढच्या चैत्रात उत्तर आलं असतं. मी टिपण फाडलं आणि नवीन लिहिलं: 'मंच-सज्जा हेतु टोकरी, पाँच नग.' पोचवायचा पत्ता आमच्या घरचा घातला. त्याच दिवशी मंजूर. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. घरी जाऊन आईला सांगितलंसुद्धा.

आम्ही मायलेकी गुढ़ियारीत राहायचो. बाबा रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते. ते गेले, तरी आम्ही ते घर सोडलं नाही. आई वर्ध्याकडची. चाळीस वर्षं रायपुरात काढून तिची बोली काही सुटली नव्हती. मी कुळीथ, जव, मोहरी, उडीद, मका असं काय काय पुड्यांतून आणलं तसं तिने विचारलं, "हे काहून आणलं वं?"

मी सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजे घटाचंच धान की. नवरात्रात मी पेरतो ते तुले दिसत नाही? पहाडात जाऊन लागते काय शिकाले?"

शेजारची बाई ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. पाऱ्यातली, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातली जुनी बाई, तिथलीच. ती तिकडूनच म्हणाली, "हव दीदी, एहा तो भोजली ए. हमन घलो बोथन."

म्हणजे तेही हे पेरतात; तिच्याकडे हेच भोजली, आईकडे घट, तिकडे पहाडात हरेला. ज्याला हे काय ते कळत नव्हतं असं फक्त आमचं ऑफिस होतं.

आईने पेरलं. काळं सोयाबीन काही मिळालं नाही, त्याच्या जागी साधं घातलं. देवघराच्या कोपऱ्यात पाच टोपल्या, वरून जुनं लुगडं. रोज सकाळी अंघोळ झाली की ओल्या केसांनी ती आधी लुगडं उचलून बघायची. रायपुरातल्या उबेत रोप फार भराभर आलं. सातव्या दिवशीच वीतभर झालं, लोण्यासारखं पिवळं, आणि एका बाजूला कलायला लागलं. आई ऑफिसात फोन करायची, "अवं, आडवं होऊन राहिलं. त्या मास्तरले विचार, दोरा बांधू काय?"

मास्तर तेव्हा रेल्वेत होते.

पथक दुपारच्या गाडीने आलं. सोळा माणसं, अंगात लोकरीचे कोट, आणि बाहेर ऊन चटचटत होतं. त्यांच्यात एक म्हातारी होती. सत्तरीच्या पुढची, बुटकी, नाकात मोठी नथ, तोंडात विडी. सगळे तिला आमा म्हणत, म्हणजे आजी. गाणी सगळी तिलाच येत होती, बाकीचे तिच्या मागून म्हणायचे. मी हार घालायला गेले तर तिने तो हातात घेतला आणि विचारलं, "हरेला कहाँ है?"

"घरी आहे. आईने पेरलाय," मी हिंदीत सांगितलं.

"चलो."

मास्तर म्हणाले, आधी राहायच्या जागी जाऊ, सामान ठेवू. आमा म्हणाली, तुम्ही जा. ती माझ्याबरोबर ऑटोत बसून थेट गुढ़ियारीला आली. सगळ्या वाटेने कुरकुर. ऊन काय, धूळ काय, गाडीत दोन दिवस नुसता भात. आणि मुख्य म्हणजे हा काय महिना आहे? हरेला श्रावणात, फार तर नवरात्रात. कार्तिकात कोण हरेला कापतं? मास्तरला तिने हे गावातच सांगितलं होतं. मास्तर म्हणाला होता, आमा, हा कार्यक्रम आहे, सण नाही.

"मग आलात कशाला?" मी जरा चिडूनच विचारलं.

"इनको आता क्या है?" ती म्हणाली. "मी नसते आले तर यांनी तोंडाला येईल ते गायलं असतं."

घरी आल्यावर तिने विडी दाराबाहेर विझवली, हातपाय धुतले आणि देवघराच्या कोपऱ्यात बसून लुगडं उचललं. बोटाने पाती विंचरल्यासारखं केलं. आई माझ्यामागे उभी, परीक्षेला बसल्यासारखी.

"गहत भी डाला है," आमा म्हणाली. कुळथाला तिकडे गहत म्हणतात.

"डाला ना, सब डाला," आई म्हणाली. "वो काला वाला सोयाबीन भर नहीं मिला, बाई. मैं क्या करती, बजार में नहीं है तो नहीं है."

"अच्छा है. लंबा है, पर अच्छा है."

आईचा चेहरा असा फुलला की मला तिचा राग आला. मी सांगितलेली एकही गोष्ट तिने कधी अशी चवीने ऐकली नव्हती. दोघींनी ठरवलं की कार्यक्रमाच्या दिवशी, म्हणजे बरोबर दहाव्या दिवशी, सकाळी आमा इथे येईल, दोघी मिळून पूजा करतील, कापतील, आणि मग पात मैदानावर न्यायची. महिन्याचं काय, असं मी विचारलं तर आमा म्हणाली, "अब बो दिया है तो काटना तो पड़ेगा."

दुसऱ्या दिवशी समितीची बैठक होती. लांबलचक टेबल, कार्यक्रमपत्रिकेचा कच्चा खर्डा, अध्यक्षांच्या हातात लाल पेन्सिल. वाचता वाचता ते थांबले.

"हरेली दो बार क्यों है?"

वर आमच्या गावच्या पथकाची गेडी घेऊन नाचायची हरेली होती. खाली पहाडी पथकाच्या नावापुढे पुन्हा हरेली. मी उभी राहिले.

"सर, खालचं हरेला आहे. हरेला. वेगळा सण आहे, दुसरा."

त्यांनी कागद जवळ धरून पाहिला. "यहाँ तो हरेली लिखा है. आपके ही दस्तखत हैं."

होते. चौथ्या वेळचे.

"टायपिंगची चूक आहे, सर. त्यांचं पंचवीस मिनिटांचं आहे, सगळ्या वर्षाचे सण आहेत त्यात..."

"मॅडम, एक मात्रा का फर्क है," ते म्हणाले, आणि टेबलाभोवतीचे दोघे-चौघे हसले. "पंचवीस मिनिटांत लोक उठून जातील. एक छानसा ग्रुप डान्स ठेवा. चार मिनिटं." लाल रेघ फिरली. मी माझ्या साहेबांकडे पाहिलं. ते समोसा खात होते. त्यांनी मला डोळ्यांनी खाली बसायची खूण केली, आणि मी बसले.

त्या बसण्याचा मला आजही संताप येतो. उभंच राहायला हवं होतं. मास्तरांचं चार पानांचं पत्र माझ्या पिशवीत होतं, ते वाचून दाखवायला हवं होतं. पण दहा पुरुष, मी एकटी बाई, उसनी आणलेली कारकून. आणि खरं सांगायचं तर मला घरी जायचं होतं, डोकं दुखत होतं.

पथक एका लग्नाच्या हॉलमध्ये उतरलं होतं. मी जाऊन सांगितलं तेव्हा मास्तरांनी चष्मा काढून पुसला. आमा पायऱ्यांवर विडी ओढत होती.

"चार मिनट में तो हम लोग चप्पल उतारते हैं," ती म्हणाली.

पोरीबाळी हसल्या, पण मास्तर हसले नाहीत. ते म्हणाले, "ठीक आहे मॅडम. नाच करू. एवढं मात्र करा, नाच संपला की आमा स्टेजवर येऊन पाहुण्यांच्या डोक्यावर हरेला ठेवेल. अर्धा मिनिट लागेल. तेवढ्यासाठी आम्ही एवढ्या लांब आलो असं समजू."

मी शब्द दिला. अर्ध्या मिनिटासाठी मी कोणाची परवानगी मागितली नाही, मागितली तर तेही जाईल हे मला कळलं होतं. निवेदकाला चहा पाजून गुपचूप पटवलं. तो म्हणाला, दीदी, हो जाएगा.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी साडेसातला मी आमाला आणायला निघाले. आईने पाट मांडला होता, रांगोळी काढली होती. परत यायला आम्हाला तास लागला. ऑटोवाल्याने चुकीच्या फाटकाकडून घेतलं आणि मालगाडी निघेपर्यंत थांबावं लागलं. घरात शिरलो तर आई दारातच उभी. रिकाम्या कोपऱ्यात मातीचे गोल डाग.

"नेलं ना त्यायनं," आई म्हणाली.

"कोणी?"

"तूच तर धाडलं त्याईले. कागद दाखोला मले. तुही सही होती. म्या म्हटलं अजून पूजा व्हायची हाय, तं म्हणे मॅडमनं सांगितलं, लवकर पाह्यजे."

सजावटवाल्याची माणसं होती. त्यांच्या यादीत लिहिलं होतं, मंच-सज्जा हेतु टोकरी, पाँच नग, आणि पुढे आमच्या घरचा पत्ता, माझ्याच हातचा.

आम्ही तिघीही त्याच ऑटोत बसून मैदानावर गेलो. स्टेजच्या कडेला पाचही टोपल्या ओळीत मांडलेल्या दिसल्या आणि मला हायसं वाटलं. जवळ गेले तर आत हिरवंगार प्लास्टिकचं गवत. लग्नाच्या कमानीला लावतात ते.

सजावटवाला खुशीत होता. "मॅडम, आपका वाला तो पूरा सूख गया था, एकदम पीला. हमने बदल दिया."

"पिवळंच असतं ते! ते पिवळंच ठेवायचं असतं!" मी मराठीतच ओरडले. त्याला मराठी कळली नाही.

"कहाँ फेंका?" मी हिंदीत विचारलं.

मांडवाच्या मागे थर्मोकोलचे तुकडे, चहाचे कागदी कप, खिळे, आणि त्यात ते पडलेलं. मुळांना माती तशीच चिकटलेली. कोणीतरी वर चहाचा चोथा ओतला होता. आई खाली बसून वेचायला लागली. म्हणाली, "धुवून घेऊ ना बाई, वरचं वरचं चांगलं हाय."

आमाने एक मूठ उचलली, वास घेतला आणि परत ठेवली.

"ये अब किसी के सिर पर नहीं रखूँगी," ती म्हणाली.

मी काय काय बोलले ते आठवत नाही. माफी मागितली, सजावटवाल्याला शिव्या दिल्या, म्हटलं मी शेजारणीकडून आणते, कोणाकडे तरी असेल. आमा म्हणाली, "चेली, तू थोड़ा चुप कर." चेली म्हणजे पोरगी. मी चाळीस वर्षांची होते. मग ती आईला म्हणाली, मला भूक लागली आहे, तुझ्या घरी भात सोडून काही असेल तर दे. दोघी ऑटोत बसून निघून गेल्या.

मला थांबावं लागलं. पथकांना पाण्याच्या बाटल्या, पास, बिल्ले, सगळं माझ्याकडे होतं. संध्याकाळी निवेदकाने माइकवर सांगितलं, "और अब आपके सामने, हिमाचल से हरेली!" पथक हिमाचलचं नव्हतं. मी विंगेतून हात हलवत राहिले, त्याला वाटलं मी दाद देते आहे. पोरी नाचल्या. चांगल्या नाचल्या, पण लोकरीच्या घागऱ्यांत घामाने निथळत होत्या आणि आमा नसल्यामुळे एका ठिकाणी गाणं अडखळलं. टाळ्या पडल्या. आणि मग, ज्या अर्ध्या मिनिटासाठी मी निवेदकाला चहा पाजला होता त्या अर्ध्या मिनिटात त्याने शब्द पाळला. आमा दिसत नाही म्हणून त्याने स्टेजच्या कडेची एक टोपली उचलून प्रमुख पाहुण्यांच्या हातात दिली. पाहुण्यांनी प्लास्टिकचं गवत छातीशी धरून फोटो काढला. मास्तर त्यांच्या शेजारी उभे होते, हात जोडून. त्यांचा चेहरा मी बघितला नाही. मुद्दाम बघितला नाही.

घरी पोचले तेव्हा मास्तर येऊन आमाला घेऊन गेले होते. आई भांडी घासत होती. तिने ज्वारीची भाकर आणि झुणका केला होता. आमाने अडीच भाकरी खाल्ल्या, म्हणाली आमच्या मंडव्याच्या, म्हणजे नाचणीच्या रोटीसारखीच लागते. मग दोघी दिवसभर बोलत बसल्या होत्या.

"काय बोलली?" मी विचारलं.

"लय सांगितलं. फुलाचं सांगितलं, थे उंबरठ्यावर टाकतात ते. गाणं म्हणलं. मंग कावळ्याचं म्हणलं. ढोराइच्या सणाचं म्हणलं, त्यात काकडी असते काय की. हसून हसून पोट दुखलं माह्यं."

"म्हणून दाखव ना."

"मले कुठं येते? त्याईच्या बोलीत होतं."

म्हणजे ते सगळं वर्ष झालं होतं. पंचवीस मिनिटं कशाची, पुरता दिवसभर झालं होतं, माझ्याच घरात, आणि मी मैदानावर बिल्ले वाटत होते. आईला जे समजलं ते तिने तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं, तेही एकात एक मिसळून. तुपाच्या सणाला कावळे आले, फुलांच्या सणाला शेकोटी पेटली. मी मध्येच टोकलं तर म्हणाली, "मंग तू काहून नाही बसली घरी?"

सकाळी स्टेशनवर पथकाला निरोप द्यायला गेले. आमाने खिडकीतून माझ्या गालाला हात लावला आणि विडीचं बंडल मागितलं. आणून देईपर्यंत गाडीने शिटी दिली. मास्तर म्हणाले, "मॅडम, आपने बहुत कोशिश की." ते मनापासून म्हणाले, म्हणून जास्त लागलं.

सोमवारी अहवाल मागितला गेला. मी खरं ते लिहिलं. सणाचं नाव चुकीचं छापलं गेलं, त्यामुळे वेळ कापला, सजावटवाल्याने पात फेकली, पथकाच्या राज्याचं नावसुद्धा चुकलं. दीड पान झालं. साहेबांनी ते वाचलं, घडी घातली आणि खणात ठेवलं. त्यांना राग आलेला नव्हता. ते म्हणाले, "मॅडम, इसमें सबसे पहले आप ही फँसेंगी. हरेली पर दस्तखत आपके, टोकरी पर दस्तखत आपके." मग त्यांनी दुसरा कागद पुढे केला. तो आधीच टाइप झाला होता. 'पर्वतीय दल द्वारा हरेली नृत्य की सफल प्रस्तुति.'

मी 'ली'वर बोट ठेवलं. "निदान एवढं तरी ला करा, सर."

"अब छप गया है."

मी सही केली.

पुढच्या श्रावणात ऑफिसच्या पत्त्यावर एक पाकीट आलं. मास्तर एकदा घरी येऊन गेले होते, पण घरचा टपालाचा पत्ता त्यांना ठाऊक नव्हता. आवक-जावकवाल्याने ते उघडलं, क्रमांक टाकला, स्टेपल मारली, आणि ते साहेबांच्या टेबलावरून फिरत फिरत तीन आठवड्यांनी माझ्याकडे आलं. आत एक चिठ्ठी आणि पाच-सहा पिवळ्या पाती, चपट्या झालेल्या, मधोमध स्टेपलची पिन. मास्तरांनी लिहिलं होतं की घरचं माणूस दूर असलं की आमच्याकडे हरेला असाच डाकेने पाठवतात. आमाने सांगितलं म्हणून आपल्या आईंसाठी पाठवत आहे. आमाची तब्येत बरी नसते. भाकरीची आठवण काढते.

मी ते घरी नेलं. आईने हात धुतले, पिन नखाने उपसून काढली आणि मला समोर बसवलं. पायांना लावलं, गुडघ्यांना लावलं. दोन्ही वेळा काय म्हणायचं ते तिला माहीत नव्हतं, म्हणून नुसती ओठ हलवत होती. मला तेव्हा क्लासेसच्या पोरांचे पेपर तपासायचे होते, मी संध्याकाळी शिकवण्या घ्यायचे. मी म्हटलं, "आटप ना आई." तिने घाईने डोक्यावर ठेवून टाकलं.

मास्तरांना उत्तर लिहायला मी तीनदा बसले. आभार मानायचे तर त्या अहवालाचं सांगावं असं वाटायचं, आणि ते सांगायचं तर कुठून सुरू करायचं ते कळायचं नाही. 'आदरणीय मास्टरजी' लिहून कागद तसाच राहायचा. मग दिवाळी आली, मग आमचं ऑफिस दुसऱ्या इमारतीत गेलं, आणि गठ्ठे बांधण्याच्या गडबडीत त्यांच्या पत्त्याचा कागद कुठल्या फाइलमध्ये गेला तो मला परत सापडला नाही.

त्याच्या पुढच्या श्रावणात आई रोज विचारायची, "आलं काय वं?"

मी सांगायचे, ऑफिसचा पत्ता बदलला ना, डाक उशिरा येते. थोडे दिवस तिने ते ऐकून घेतलं. मग विचारणं सोडलं.